मुलाचा कोपरा

बेळगावच्या एका वाचक दांपत्याकडून आम्हांस नुकतेच एक पत्र आले. त्यांनी नवे घर बांधावयास घेतले आहे. धाकटी दोन मुले तीन व पाच वर्षांची. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र खोली काढली असून ती कशी सजवावी व तीत काय काय ठेवावे, हे या सदरातून सांगावे, अशी त्यांची विनंती आहे. पत्रासोबत एका दुकानाचे रंगीत पत्रक जोडले होते. मोटारीच्या आकाराचा पलंग, छतावर चांदण्या, भिंतींवर वाघसिंह आणि काचेच्या कपाटात छतापर्यंत खेळणी, असा सारा थाट त्यात होता. आम्ही ते पत्रक पुष्कळ वेळ न्याहाळले. चित्र खरोखरच देखणे होते. परंतु तीन वर्षांच्या मुलाला कोणाच्याही मदतीवाचून उचलता येईल आणि पुन्हा जागच्या जागी ठेवता येईल, अशी एकही वस्तू त्या खोलीत आम्हांस दिसली नाही.

त्याच आठवड्यात निपाणीच्या बाजूस एका खेड्यात आम्ही घरभेटीसाठी गेलो होतो. घर दोन खोल्यांचे. आई उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन विड्या वळीत होती. तिचा दीड वर्षाचा मुलगा खाटेच्या पायाला जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलेला होता. पट्टी पुरेल तेवढ्याच वर्तुळात तो रांगे, ओढ बसली की थांबे आणि पुन्हा मागे वळे. आमच्या तोंडून सहज निघून गेले, "बाई, लेकराला असे बांधून का ठेवले?" त्या माउलीने हातातील पान खाली न ठेवताच उत्तर दिले, "फादर, सोडलं की तंबाखूत हात घालतंय, आन् त्योच हात तोंडात. त्याच्या मागं फिरत बसलं तर विड्या कोण वळणार?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आपल्या प्रश्नाची आम्हांस लाजही वाटली. एका घरी मुलासाठी अख्खी खोली आहे, दुसऱ्या घरी त्याला चार हात जागाही मोकळी नाही. तरीही दोन्ही घरांचा प्रश्न मुळात एकच आहे, असे परतीच्या वाटेवर आमच्या मनात येत राहिले. मोठ्यांच्या मापाने बांधलेल्या या घरात लहानग्याची म्हणून जागा कोणती? आजचे सदर याच प्रश्नासाठी आहे.

या प्रश्नाचा विचार ज्यांनी आपल्या सर्वांच्या आधी केला, त्यांतील एक थोर स्त्री म्हणजे इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी. रोम शहरात सान लोरेन्झो नावाची मजुरांची एक वस्ती होती. आईबाप दिवसभर कामावर, आणि शाळेच्या वयाची न झालेली मुले जिन्यांत व अंगणांत मोकाट. ती भिंती खराब करतात म्हणून इमारतींच्या व्यवस्थापकांनी त्यांना एका खोलीत सांभाळण्याचे ठरविले आणि देखरेखीसाठी या बाईंना बोलाविले. १९०७ सालच्या ६ जानेवारीस, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, ती खोली उघडली. मुले सुमारे पन्नास होती. गरिबांच्या मुलांना नुसते आवरून धरण्यासाठी घेतलेल्या या खोलीतून पुढे जगभरची बालशिक्षणाची नवी पद्धती निघाली.

त्या खोलीत काय होते? बाईंनी मुलांच्या उंचीची लहान मेजे व खुर्च्या करवून घेतल्या होत्या, आणि त्या इतक्या हलक्या की चार वर्षांच्या मुलाला त्या उचलून नेता याव्यात. हलकी खुर्ची धक्का लागून पडते, आवाज होतो, अशी तक्रार लोकांनी केली. बाईंचे म्हणणे याच्या उलट होते. खुर्ची पडली म्हणजे आपण नीट चाललो नाही, हे मुलाला खुर्चीच सांगते; जमिनीला खिळलेले बाक मात्र मुलाचा अजागळपणा झाकून ठेवते. भिंतीवर त्यांनी राफाएलने काढलेले, खुर्चीत बसून बाळ येशूला उराशी धरलेल्या मरियामातेचे चित्र लावले होते.

त्या शाळेतील एक प्रसंग स्वतः माँटेसरीबाईंनीच लिहून ठेवला आहे. साहित्याच्या कपाटाला शिक्षिका कुलूप लावीत असे. एके दिवशी ती कुलूप लावावयास विसरली आणि दुसऱ्या दिवशी यावयासही तिला उशीर झाला. येऊन पाहते तो मुलांनी कपाट उघडलेले, आणि जो तो आपल्या आवडीची वस्तू घेऊन कामाला लागलेला. शिक्षिकेला ही चोरी वाटली. बाईंना मात्र तीत मुलांची निवड दिसली. कोणती वस्तू कोठे असते व आपल्याला काय हवे आहे, हे मुलांना पक्के ठाऊक झाले होते. त्यानंतर बाईंनी उंच कपाट काढून मुलांच्या हाती येतील अशी ठेंगणी कपाटे करविली.

हा प्रसंग वाचताना आमची मान खाली गेली, आणि तिचे कारण वाचकांपासून लपवून ठेवणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील बालवाडीच्या खोलीसाठी एका सज्जनाने देणगी दिली. आम्ही मोठ्या उत्साहाने काचेच्या दारांचे, पुरुषभर उंचीचे कपाट आणले आणि शहरातून निवडून आणलेली खेळणी त्यात मांडली. खेळणी मोडू नयेत म्हणून त्याला कुलूप लावले व किल्ली आमच्या झग्याच्या खिशात ठेवली. पाहुणे येत, कपाट पाहत, वाहवा करीत. मुलांच्या हाती ती खेळणी सणासुदीला काय ती पडत. एके दुपारी सहज डोकावलो, तर एक चार वर्षांची मुलगी काचेला नाक लावून उभी होती. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली होती. ती बोटाने पुसून पुन्हा आत पाही. आम्हांस पाहताच, काही अपराध घडल्यासारखी, ती पळून गेली. खेळण्यांची राखण आम्ही चोख केली होती. ती कोणासाठी आणली, हेच विसरलो होतो.

बेळगावच्या दांपत्यास आमचे पहिले सांगणे म्हणूनच हे की, पत्रकातील कपाट घेऊ नका. आणि खेड्यातील ज्या वाचकांपाशी मुलासाठी वेगळी खोली नाही, त्यांनी मनात खंत धरू नये. मुलाला चांदण्यांचे छत लागत नाही. त्याच्या हाताला पोहोचणारी जागा लागते. ती अंगणातही होऊ शकते, हे आपल्याच मराठी मुलखातील दोन स्त्रियांनी सिद्ध करून दाखविले आहे.

माँटेसरीबाईंचा विचार त्या स्वतः १९३९ साली मद्रासजवळ अड्यार येथे येण्यापूर्वीच आपल्या देशात रुजू लागला होता. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. तेथे त्यांच्याजवळ राहून ताराबाई मोडक यांनी काम केले. शहरातील बालमंदिरे चांगली चालली, तरी ती पैसेवाल्यांच्याच मुलांना मिळतात, ही टोचणी ताराबाईंच्या मनास होती. म्हणून १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या. त्यांच्यासमवेत अनुताई वाघ होत्या. गावात बालवाडी सुरू झाली, परंतु हरिजन वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांची वाट पाहत बसण्यापेक्षा बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम सुरू झाले. गुरे राखावयास जाणाऱ्या मुलांमागून शाळा थेट कुरणावर गेली, आणि तिचे नाव कुरणशाळा पडले.

परदेशी पद्धतीचे महागडे साहित्य त्या वस्त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून गारगोट्या, शिंपले, बिया, पाने, काटक्या, बांबूचे तुकडे हेच साहित्य झाले. लहानमोठे लावणे, रंग ओळखणे, मोजणे, जुळविणे हे सारे त्यावर शिकता आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज आपल्या सीमाभागात कानडी बोलणारी आईही हाच शब्द आपला म्हणून उच्चारते. मराठी अंगणातला शब्द भाषेची वेस ओलांडून गेला, आणि कोणी त्याला अडविले नाही.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. खोली असो की कोपरा, नियम तेच.

प्रथम जागेची निवड. सकाळचे ऊन व वारा येईल, चुलीचा धूर पोहोचणार नाही आणि काम करीत असताना आईची नजर जाईल, अशी बाजू निवडावी. आईपासून फार दूर सजविलेल्या खोलीत लहान मूल खेळत नाही. खेळणी उचलून ते स्वयंपाकघरातच येते. तीन हात लांब व तीन हात रुंद जागाही पुरेशी आहे. खाली चटई किंवा धुतलेली वाकळ अंथरावी, म्हणजे आपली हद्द कोणती हे मुलाला कळते.

दुसरी गोष्ट फळीची. जमिनीपासून दोन फुटांच्या आत दोन फळ्या बसवाव्यात. विटा रचून त्यांवर फळी ठेवावयाची असेल, तर विटा गिलाव्याने पक्क्या कराव्यात. सुट्या विटा मुलाच्या पायावर येतात. उंच कपाट घरात असेलच, तर ते भिंतीला लोखंडी पट्टीने जखडावे. मुले खणांची शिडी करून चढतात, आणि कपाट अंगावर आल्याने जीव जातात. फळीवर एका वेळी पाचसहाच वस्तू मांडाव्यात, बाकीच्या पेटीत ठेवाव्यात व आठवड्याने बदलाव्यात. ढिगातून मूल काहीच निवडीत नाही, नुसते उपसते. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असली, की ती परत ठेवण्याची सवय बोलण्याआधीच लागते.

तिसरी गोष्ट बैठकीची. दोन ते तीन वर्षांच्या मुलासाठी आसनाची उंची आठ-नऊ इंच, चार ते पाच वर्षांच्या मुलासाठी दहा ते बारा इंच असावी. मेज त्याहून सातआठ इंच उंच. माप विसरले तरी खूण सोपी आहे: बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. गावच्या सुताराकडून हे काम थोडक्या पैशांत होते. कडा गोल करून घ्याव्यात, खिळ्यांची डोकी बुडवून घ्यावीत. आणि पाट तर प्रत्येक घरी आहेच. मुलाच्या मापाचा स्वतंत्र पाट, लहानसा तांब्या आणि त्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर स्वतःची एक खुंटी, एवढे दिले तरी ते आपला सदरा आपण टांगू लागते.

भिंतीचा अडीच फुटांपर्यंतचा एक पट्टा फळ्यासारखा काळा करावा व खडू द्यावा. म्हणजे उरलेली भिंत वाचते. चित्र लावावयाचे असेल, तर मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत लावावे. आपण पवित्र हृदयाची तसबीर इतक्या उंच लावतो की लहानग्याला तिची खालची चौकटच तेवढी दिसते. थोरांसाठी ती तेथेच असू द्यावी; खाली मुलासाठी एक लहान चित्र असावे.

खेळण्यांसाठी दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील गोकाकची लाकडी फळे व खेळणी नावाजलेली आहेत. तळकोकणात सावंतवाडीची, दक्षिण कर्नाटकात चन्नपट्टणची. खानापूरच्या मातीची भांडी प्रसिद्धच आहेत. त्या मातीचा ओला गोळा मुलाच्या हाती द्यावा. त्यासारखे खेळणे बाजारात नाही. घरात डब्याची झाकणे, लाकडी पळी, कापडाची बाहुली, एकात एक बसणाऱ्या वाट्या आहेतच. बाजारातून विकत घ्यावयाचे असल्यास आय.एस.आय. खूण पाहून घ्यावे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांच्या गुणवत्तेची ही अट सरकारने घातली आहे.

येथे एक इशारा अगत्याचा आहे. चिंचोके, मणी, गोट्या, गारगोट्या, बटणे ही तीन वर्षांखालील मुलाच्या आसपासही असू नयेत. जी वस्तू मुलाच्या तोंडात सबंध मावते, ती त्याच्या घशात अडकू शकते. बोर्डीचे गारगोट्यांचे साहित्य मोठ्या मुलांचे, आणि तेही बाईंच्या नजरेखाली. तसेच रंगाविषयी. जुन्या तैलरंगांत शिसे असे. त्याचे पोपडे मूल खरवडून खाते आणि ते विष मेंदूच्या वाढीस बाधते. घरगुती रंगातील शिसे दहा लाख भागांत नव्वद भागांपलीकडे नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून जुना, पोपडे आलेला दरवाजा किंवा पाळणा असेल, तर मुलाला दूर ठेवून तो ओल्या कागदाने घासावा, सारी घाण पुसून टाकावी आणि मगच नवा रंग द्यावा. भरलेली बादली, रॉकेलची बाटली, शेतातील फवारणीचे औषध आणि विजेची खालची खोबण, या चारांची पाहणी आजच करावी.

आणि आता तंबाखू. निपाणी परिसरातील आमच्या वाचकांना हा परिच्छेद वगळता येणार नाही. १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी जो केंद्रीय कायदा झाला, त्यात बालसंगोपनगृहाचे एक कलम होते. कामाच्या जागी ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया असतील, तर त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वच्छ, पुरेशा उजेडाची व खेळत्या हवेची खोली असावी, आणि शिशुसंगोपन शिकलेली स्त्री तेथे देखरेखीस असावी, असे त्यात लिहिले होते. कलम चांगले होते. परंतु विड्या बहुतांशी घरोघर वळल्या जातात, आणि घराच्या उंबऱ्यापाशी ते कलम थांबले. वखारीतील बाईच्या मुलासाठी खोलीचा निदान उल्लेख तरी झाला. घरी वळणाऱ्या बाईचे मूल तंबाखूच्या सुपाशेजारीच राहिले.

तंबाखूचे विष श्वासातून व पोटातूनच जाते असे नाही, ते कातडीतूनही अंगात भिनते. लहान मुलाने चिमूटभर तंबाखू गिळली तरी लाळ गळते, उलट्या होतात, मूल मलूल पडते. असे झाल्यास घरगुती उपाय करीत न बसता त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे. रोजच्या कामात तीन गोष्टी पाळता येतील. वारा ज्या दिशेने घरात येतो त्या बाजूस मूल, आणि जिकडून तो बाहेर पडतो त्या बाजूस सूप. याच्या उलट कधीही नको. काम संपताच तंबाखू झाकणाच्या डब्यात घालावी व जमीन ओल्या फडक्याने पुसावी. कोरड्या झाडूने धूळ घरभर उडते. मुलाला अंगावर घेण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि लुगड्यावर बांधलेले कामाचे फडके सोडून ठेवावे.

त्या माउलीच्या घरी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा सुताराला सोबत नेले होते. घरमालकाने खिडकीखालची ज्वारीची पोती हलविली. सुताराने दोन फळ्या ठोकल्या आणि कोपऱ्यापुढे दोन फूट उंचीचे, उभ्या पट्ट्यांचे कुंपण केले. पट्ट्यांतून मुलाचे डोके अडकू नये, म्हणून त्या अडीच इंचांपेक्षा कमी अंतराने लावल्या. आत वाकळ, तीन वाट्या, एक लाकडी पळी. सूप पलीकडच्या दारी गेले. पट्टी सुटली, आणि मुलगा प्रथम खाटेपासून नेहमीच्या अंतरावर जाऊन थांबला. ओढ बसली नाही, म्हणून त्याने मागे वळून पाहिले. मग पुढे गेला.

सारे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. सासूबाई शेतावरून परतल्या, की मूल त्यांच्याकडे जाते आणि आईचा वेग वाढतो. त्या घरी नसल्या की दुपारी मूल कुंपणाला धरून रडते, आणि आईला विड्यांचा हिशेब पुरा करावयाचा असतो. लुगड्याची ती पट्टी अजून खुंटीला टांगलेली आहे. आईच्या कष्टाचा मोबदला आणि मुलाचे बालपण यांची सांगड दोन फळ्यांनी बसत नाही. त्यासाठी गावाने हात लावला पाहिजे. आपल्या वाड्यावस्तीवर अशी पाचसहा घरे असतील, तर एखादी मोकळी पडवी, मंदिरामागची खोली किंवा अंगणवाडी जवळ असल्यास तेथील बाईंचे सहकार्य, आणि पाळीपाळीने बसणाऱ्या दोन आजीबाई, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. ज्या घरी हा प्रश्न नाही, त्या घरानेच पहिली पडवी देऊ करावी.

आमच्या बालवाडीतील कपाटाचेही सांगून टाकतो. त्याच सुताराने ते मधोमध कापून दोन ठेंगणी कपाटे केली. काचेची दारे काढून टाकली. पहिल्या महिन्यात एक बाहुली हरवली, दोन गाड्यांची चाके निखळली. चार वर्षांची ती मुलगी आता रोज कपाटातून एकच वस्तू घेते आणि घरी जाण्यापूर्वी परत ठेवते. तिला हे कोणी शिकविले, असे आम्ही बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "कोणी नाही, फादर. आता ती वस्तू उद्याही तिथेच असणार, हे तिला ठाऊक आहे."

वाचकहो, येत्या रविवारी मिस्सेहून घरी परतल्यावर एक गोष्ट करा. बाप असाल तर तुम्ही आधी करा. घरात मधोमध गुडघे टेका. आपल्याला ती सवय आहेच. या वेळी मात्र डोळे उघडे ठेवा आणि तुमच्या धाकट्याच्या उंचीवरून घर पाहा. काय हाताला येते, काय येत नाही, काय अंगावर पडेल, काय तोंडात जाईल, आणि या घरात माझे असे काय आहे, हे त्याच्या जागेवरून पाहा. मग उठा, आणि त्याच दिवशी एक फळी खाली आणा.